भटकंतीची शिदोरी लढाईत कामी यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातील अभियांत्रिकीच्या चार विद्यार्थ्यांचा गट विदर्भातील एका काल्पनिक गोंडकालीन किल्ल्यावर आणि त्याच्या पायथ्याच्या जंगलावर आधारलेला ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम तयार करत आहे. पहिले तीन टप्पे त्यांनी वसतिगृहातील मित्रांकडून खेळवून घेतले. तेव्हा काही जणांनी जंगलात फिरताना "इथं तर काहीच होऊन नाही राहिलं" अशी तक्रार केली, तर काहींनी नेमकी उलट तक्रार केली: किल्ला पाहण्यात मन रमू लागले की मध्येच शत्रू येतात आणि सगळा विचका होतो. त्यामुळे भटकंती आणि लढाई यांचे प्रमाण किती ठेवावे, आणि बावडीच्या (पायऱ्यांच्या विहिरीच्या) टप्प्यातील सहा शत्रूंची लढाई काढून टाकावी का, असे त्यांनी विचारले आहे. मी अनेक वर्षे लेव्हल डिझाइनचे, म्हणजे गेममधील टप्प्यांच्या रचनेचे, काम करत आहे आणि त्यांनी पाठवलेली बिल्ड (गेमची आत्तापर्यंत तयार झालेली आवृत्ती) मी खेळून पाहिली आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

प्रमाणाच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येत नाही, आणि कोणी दिले तर त्यावर विसंबू नये. दहा मिनिटे फिरणे आणि तीन मिनिटे लढणे हे एका गेममध्ये अचूक बसते आणि दुसऱ्यात कंटाळवाणे होते, कारण खेळाडू मिनिटे मोजत नसतो. फिरताना मिळालेली गोष्ट लढताना उपयोगी पडली का, आणि लढून झाल्यावर फिरण्यासाठी काही नवे मोकळे झाले का, एवढेच त्याला जाणवत असते. या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर प्रमाण कितीही असले तरी गेम एकसंध वाटतो. नकारार्थी असतील तर एकाच डिस्कवर दोन वेगळे गेम आळीपाळीने चालू असल्यासारखे वाटते आणि प्रत्येक खेळाडू आपल्याला न आवडणाऱ्या अर्ध्या भागाबद्दल तक्रार करतो. तुमच्या मित्रांच्या दोन परस्परविरोधी तक्रारी मला एकाच दोषाच्या दोन बाजू वाटतात.

भटकंतीतून खेळाडूला चार प्रकारची शिदोरी मिळू शकते: माहिती, साहित्य, मोक्याची जागा आणि नवे कौशल्य. यांपैकी माहिती आणि जागा या दोन गोष्टींकडे नवखे डिझाइनर हमखास दुर्लक्ष करतात, कारण त्या इन्व्हेंटरीत, म्हणजे खेळाडूजवळच्या सामानाच्या यादीत, दिसत नाहीत. तुमच्या जंगलात ठिकठिकाणी पेट्या ठेवल्या आहेत आणि त्यांत बाण व औषधी आहेत. हे साहित्य झाले. पण ते जंगल पाहिलेल्या खेळाडूला पुढच्या लढाईबद्दल न पाहिलेल्यापेक्षा अधिक काय कळते? सध्या काहीच नाही. म्हणून पेट्या गोळा करणे हे त्याला काम वाटते, आणि काम करताना "काही होत नाही" असे वाटणे साहजिक आहे.

भटकंती आणि लढाई यांच्यातला सांधा किती घट्ट असू शकतो हे पाहायचे असेल तर 1986 सालचे दोन जपानी गेम पाहावेत. निन्टेंडोच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'मध्ये बॉम्ब शत्रूला मारतो आणि भिंतीतील लपलेली वाटही उघडतो; मेणबत्तीने शत्रू भाजतो आणि झुडूप जळून त्याखालचा जिनाही दिसतो. खेळाडूची हृदये (जीवनशक्ती दाखवणारी चिन्हे) पूर्ण भरलेली असतील तेव्हाच तलवारीतून दूरवर किरण सुटतो, आणि हृदयांची संख्या वाढवणारे काही ठेवे उघड्या जगात दडवलेले आहेत. म्हणजे लढण्याची ताकद वाढवायची असेल तर हिंडावे लागते, आणि हिंडण्यासाठी वापरायची हत्यारे लढाईतलीच असतात. त्याच वर्षीच्या 'मेट्रॉइड'ने पुढचे पाऊल टाकले. त्यात क्षेपणास्त्रांनी लाल दारे उघडतात, आणि बर्फाच्या किरणाने गोठवलेल्या शत्रूवर पाय ठेवून वर चढता येते. तिथे शत्रूच वाटेतली पायरी होतो. इतकी साधी, इतकी कमी खर्चाची आणि इतकी समृद्ध कल्पना मला पुढच्या काळातल्या मोठ्या बजेटच्या गेममध्येही क्वचितच आढळते. चार जणांच्या गटाने अभ्यास करायचा तर इथून करावा, कारण त्या चमूंकडेही मेमरी कमी होती आणि एका वस्तूकडून दोन कामे करून घेणे त्यांना भाग होते.

तुमच्या नायिकेकडे गोफण आहे आणि तिचा उपयोग फक्त शत्रूवर दगड मारण्यासाठी होतो. त्याच गोफणीने लांबवरचे मधमाश्यांचे पोळे पाडता आले, सुकलेल्या वेलींत अडकलेली दोरी सोडवता आली, पलीकडच्या बुरुजावर दगड आपटून पहारेकऱ्याचे लक्ष वळवता आले, तर खेळाडू जंगलात फिरताना प्रत्येक झाडाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागेल. यासाठी नवे ॲनिमेशन लागत नाही. गोफण फिरवण्याचे ॲनिमेशन तुमच्याकडे आहेच. फक्त दगड ज्यावर आदळेल त्या वस्तूंनी प्रतिसाद द्यायला हवा.

याहून खोल प्रश्न जागेचा आहे. भटकंतीसाठी चांगली जागा आणि लढाईसाठी चांगली जागा यांच्या गरजा वेगळ्या असतात. फिरताना खेळाडूला अरुंद वाटा, वळणे, अर्धवट दिसणाऱ्या गोष्टी आणि मोकळा कॅमेरा हवा असतो. लढताना मात्र पाठीमागे जागा, शत्रू नजरेच्या टप्प्यात आणि भिंतीत न शिरणारा कॅमेरा हवा असतो. त्रिमितीय गेमच्या सुरुवातीच्या काळात हा कॅमेऱ्याचा पेच इतका अवघड होता की 1998 च्या 'ओकारिना ऑफ टाइम'ने एका बटणावर नजर शत्रूवर खिळवण्याची सोय दिली, आणि त्यानंतर आलेल्या पात्र बाहेरून दिसणाऱ्या, तृतीयपुरुषी लढाईच्या असंख्य गेममध्ये तीच पद्धत कोणत्या ना कोणत्या रूपात दिसते. तुमच्या बिल्डमध्ये नजर खिळवण्याची ही सोय, म्हणजे लॉक-ऑन, आहे, पण तो सुटल्यावर कॅमेरा पुन्हा नायिकेच्या पाठीशी झटक्याने येतो. तो झटका काढा. लढाई संपल्यानंतर कॅमेरा अर्धा सेकंद तिथेच रेंगाळून मग हळूहळू मागे सरकला, तर खेळाडूची नजर आपोआप आसपासच्या जागेवर जाते आणि भटकंती पुन्हा सुरू होते. बारकावा लहान असला तरी मी प्रत्येक प्रकल्पात त्यावर वेळ घालवतो, कारण लढाईतून भटकंतीकडे परत येण्याचा क्षणच बहुतेक गेममध्ये निसटतो.

जागेचे माप हाही याच चर्चेचा भाग आहे. 1996 चा मूळ 'टूम रेडर' सारख्या आकाराच्या ठोकळ्यांच्या जाळीवर बांधलेला होता. उभ्याने मारलेली उडी एक ठोकळा पार करते, धावत मारलेली दोन, आणि धावत उडी मारून कडा पकडली तर तीन. हे एकदा हाताला कळले की खेळाडू नुसत्या नजरेने दरी मोजू शकतो, आणि तीच मापे लढाईतही लागू होतात, कारण नायिका लारा लढते तीही उड्या मारतच. त्या गेममध्ये शत्रू विरळ होते. म्हणूनच हरवलेल्या दरीत समोरून डायनासोर येतो तेव्हा तो प्रसंग आयुष्यभर लक्षात राहतो, आणि जी दरी आत्तापर्यंत फक्त पाहत होतो तिच्यातला प्रत्येक आडोसा अचानक महत्त्वाचा होतो. तुमच्या किल्ल्यात पायऱ्यांची उंची तीन ठिकाणी तीन प्रकारची आहे, त्यामुळे नायिका कुठे चढू शकते आणि कुठे नाही हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मापे ठरवा, कागदावर लिहून भिंतीवर लावा आणि मगच दगडांचे टेक्स्चर (पृष्ठभागाचे चित्र) चढवा.

याच्या उलट टोकाचा दोष म्हणजे रिंगण ओळखू येणे. कंबरेइतक्या उंचीच्या भिंती ओळीने मांडलेले मैदान दिसले की खेळाडू म्हणतो, आता गोळीबार होणार. 2007 पासून सुरू झालेल्या 'अनचार्टेड' मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत हे फार जाणवते. त्याच मालिकेतील 2017 चा 'द लॉस्ट लेगसी' मात्र नीट पाहण्यासारखा आहे, आणि तो भारतात, होयसळांच्या वारशावर बेतलेला आहे, म्हणूनही आपल्याला जवळचा वाटेल. त्यातील 'वेस्टर्न घाट्स' या मोठ्या टप्प्यात नायिका क्लोई आधी एका उंच मनोऱ्यावर चढते, तिथून दिसणारी ठिकाणे हातातल्या नकाशावर खुणावते, आणि मग जीप घेऊन तीन प्रमुख ठिकाणी कोणत्याही क्रमाने जाता येते. शत्रूंचे तळ दुरूनच दिसतात. कुठून शिरायचे, गुपचूप जायचे की थेट भिडायचे, हे ठरवण्यात खेळाडूचा जो वेळ जातो तो भटकंतीचा की लढाईचा, हे सांगता येत नाही. माझ्या मते या प्रकारच्या गेममधला सर्वांत मौल्यवान वेळ तोच असतो.

तुम्हाला यासाठी कर्नाटकात जाण्याची गरज नाही. मानसरकडून रामटेकला जाताना गडावरचे मंदिर दुरून दिसते, आणि चढताना वराह, सिंहपूर, भैरव, गोकुळ असे दरवाजे एकामागून एक लागतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हाच गड करड्या ठोकळ्यांत, म्हणजे सजावट नसलेल्या कच्च्या मांडणीत, उभा करायला लावतो. दरवाजातून आत येणारा किती वेळ उघड्यावर असतो, वरच्या तटावरून त्याला कोण पाहू शकते, पुढच्या दरवाजाचा केवढा भाग त्याला आधीच दिसतो, हे मोजायला लावतो. जिथे जिथे तटबंदी आहे तिथे जुन्या काळच्या स्थपतींनी लढाईचा विचार करून जागा घडवलेली असते; आपण आज तीच जागा पर्यटक म्हणून पाहत फिरतो. किल्ल्याच्या रचनेत भटकंती आणि लढाई आधीच एकत्र नांदत असतात. तुमच्या किल्ल्यात मात्र दरवाजे शोभेपुरते आहेत आणि लढाया त्यांच्यापासून दूर, सपाट चौकात होतात. त्या लढाया दरवाजांत आणा.

जंगलाच्या बाबतीत तुमच्याकडे एक असे भांडवल आहे, जे परदेशी स्टुडिओंना सुचणे अवघड आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून उत्साह वाटतो. आपल्याकडचे सागाचे जंगल ऋतूप्रमाणे पूर्ण बदलते. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, नजर लांबपर्यंत पोहोचते, पण जमिनीवर मोठमोठ्या वाळक्या पानांचा थर असतो आणि पाऊल टाकले की चर्रकन आवाज होतो. पावसाळ्यात खालचे गवत आणि झुडुपे दाटतात, दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, पण ओली पाने आवाज करत नाहीत आणि पावसाच्या सरीत पावलांचा आवाज बुडून जातो. म्हणजे एकाच नकाशावर उन्हाळ्यात दिसते जास्त पण लपता येत नाही, आणि पावसाळ्यात लपता येते पण दिसत नाही. यात दृष्टी आणि आवाज या दोन आकड्यांची अदलाबदल आहे. मॉडेल तीच राहतात, पानांची घनता आणि जमिनीचा पोत बदलतो. पहिल्या टप्प्यात खेळाडू हे जंगल चैत्रात पाहील आणि चौथ्या टप्प्यात श्रावणात तिथेच परत येईल, तेव्हा आधी पाहून ठेवलेले नाले आणि खडक त्याला आठवणीनेच शोधावे लागतील. माहिती ही शिदोरी म्हणतात ती हीच.

"काहीच होऊन नाही राहिलं" या तक्रारीवरचा उपायही याच जंगलात आहे, आणि तो म्हणजे शत्रू वाढवणे नव्हे. पेंचच्या परिसरात फिरलेल्या कोणालाही ठाऊक असते की चितळ आणि वानर धोक्याची हाक देतात, आणि वाटाड्या त्या हाकेवरून वाघ कुठल्या बाजूला सरकतो आहे हे सांगतो. तुमच्या गेममध्ये पहारेकऱ्यांची तुकडी जंगलातून फिरत असताना वानरांनी हाक द्यावी, मोरांनी उडावे, आणि तुकडी निघून गेल्यावर पुन्हा शांतता व्हावी. पहिल्या वेळी खेळाडूला अर्थ लागणार नाही, दुसऱ्यांदा शंका येईल, तिसऱ्यांदा तो हाक ऐकून स्वतःहून खडकामागे जाईल. आपण कुठलाही संदेश पडद्यावर न दाखवता त्याला एक भाषा शिकवली, असे तेव्हा म्हणता येईल. आणि खेळाडू स्वतः आवाज करून गेला तर तीच वानरे त्याच्याबद्दलही हाक देतील, पहारेकरी सावध होतील. आता फिरण्याच्या प्रत्येक क्षणी काहीतरी घडते आहे, आणि एकही नवी लढाई वाढलेली नाही.

मोठ्या गेमपैकी कोणाकडून काय घ्यावे, हेही सांगतो. 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'बद्दल निन्टेंडोच्या चमूने त्याच वर्षी जपानमधील सेडेक या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत सांगितले होते की भूभाग त्रिकोणी आकारांच्या आधारे रचला: मोठे त्रिकोण म्हणजे डोंगर दिशा देतात आणि मागचे झाकतात, लहान त्रिकोण वाटेत लक्ष वेधतात, त्यामुळे चढून जायचे की वळसा घालायचा हा निर्णय सतत खेळाडूसमोर राहतो. हे सर्वांना आवडते. त्याच गेममधील तुटणारी हत्यारे मात्र अनेकांना आवडत नाहीत, आणि इथे माझे मत बहुतेकांहून वेगळे आहे. हत्यार तुटते म्हणून प्रत्येक लढाईला किंमत येते, किंमत आली की खेळाडू भिडण्याआधी भोवताल पाहतो, आणि मग त्याला टेकडीवरचा सुटा धोंडा, कोरडे गवत, झोपलेल्या शत्रूच्या उशाशी ठेवलेला भाला दिसतो. शिवाय जगभर विखुरलेली 900 कोरोक बीजे गोळा करून हत्यारे ठेवायची जागाच वाढवता येते, आणि 120 देवळ्यांतील कोडी सोडवून हृदये किंवा दमसास यांपैकी एक वाढवता येतो. तो दमसास कडा चढताना खर्च होतो आणि जोरदार वार करतानाही. हत्यारे तुटण्याची योजना काढली तर ही सगळी साखळी सैल पडेल. कटकट वाटते ती खरी आहे, पण तिच्यावरच बाकीचे उभे आहे.

2022 च्या 'एल्डन रिंग'मधून एक लहानशी, पण फार कामाची गोष्ट उचला. मोकळ्या मैदानात शत्रूंची एखादी टोळी संपूर्ण मारली की औषधाच्या कुपीत काही घोट परत भरतात. त्यामुळे हिंडणाऱ्याला दर लढाईनंतर विश्रांतीच्या जागेकडे परत धावावे लागत नाही. लढाईच पुढच्या भटकंतीचा खर्च भागवते. तुमच्या जंगलात एक लढाई झाली की औषध संपते, खेळाडू चेकपॉइंटकडे (प्रगती जतन होते त्या जागेकडे) परततो आणि तोच रस्ता पुन्हा चालतो. लढाई भटकंतीत व्यत्यय आणते, असे म्हणणाऱ्यांची निम्मी तक्रार या एका नियमाने मिटेल असे मला वाटते.

ऑस्ट्रेलियातील टीम चेरी या अगदी लहान चमूचा 2017 चा 'हॉलो नाइट' तुमच्या आकाराच्या गटासाठी सर्वांत योग्य आदर्श आहे. त्यात नव्या प्रदेशात शिरताना नकाशा नसतो. नकाशा काढणारा कॉर्निफर त्या प्रदेशात कुठेतरी बसलेला असतो, त्याला शोधून नकाशा विकत घ्यावा लागतो, आणि त्याच्या गुणगुणण्यावरून व आसपास पडलेल्या कागदांवरून तो जवळ असल्याचे कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नकाशावर आपण कुठे आहोत हे दाखवणारे होकायंत्र हे एक ताईत असते आणि ते घातले की लढाईच्या ताईतांसाठी असलेल्या मोजक्या जागांपैकी एक अडते. वाट कळणे हवे की लढण्याची ताकद, हे खेळाडूने ठरवायचे. भटकंती आणि लढाई यांना एकाच थैलीतून पैसे काढायला लावणे, यापेक्षा थेट मार्ग मला माहीत नाही.

फुमितो उएदा यांच्या 2005 च्या 'शॅडो ऑफ द कलोसस'चे नाव अशा चर्चेत नेहमी निघते, पण बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी. त्यात फक्त 16 महाकाय शत्रू आहेत आणि बाकी भूमी ओसाड आहे, म्हणून "लढाया कमी करा" असा बोध लोक घेतात. मला त्यातली तलवार महत्त्वाची वाटते. उन्हात ती उंचावली की तिचा प्रकाश पुढच्या महाकायाची दिशा दाखवतो, आणि त्याच्या अंगावर चढल्यावर तोच प्रकाश त्याचे मर्मस्थान दाखवतो. महाकाय हाच चढायचा डोंगर आहे. तिथे लढाया कमी आहेत हे खरे, पण मुळात भटकंती आणि लढाई वेगळी काढताच येत नाही.

सांधा चांगला असूनही लांबी बिघडली तर काय होते, याचे उदाहरण 2003 च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'मध्ये आहे. शत्रूला खंजिराने शोषून घेतले की वाळू मिळते, आणि ती वाळू उड्या चुकल्यावर वेळ मागे फिरवण्यासाठी वापरता येते. योजना उत्तम आहे. पण बंद दालनात एका तुकडीमागून दुसरी तुकडी येत राहते आणि तेच वार पुन्हा पुन्हा करावे लागतात, त्यामुळे त्याच्या चढण्या-उतरण्याची स्तुती करणारे लोकही लढायांबद्दल कुरकुरतात. लढाईतून मिळायचे ते मिळून गेल्यावर ती चालू राहता कामा नये.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 चा 'राजी' तुम्ही खेळला असेलच. त्यात भिंतीवर धावत जाऊन आणि खांबाभोवती गिरकी घेऊन वार करता येतो, म्हणजे चढण्याच्याच वस्तू लढाईत येतात. मर्यादित साधनांत हे करता येते, याचा तो आपल्या राज्यातलाच पुरावा आहे.

काठिण्याची सोय वेगवेगळी ठेवावी का, असाही विचार तुमच्या मनात येईल. 2018 च्या 'शॅडो ऑफ द टूम रेडर'मध्ये लढाई, भटकंती आणि कोडी यांचे काठिण्य स्वतंत्रपणे निवडता येते. भटकंती अवघड केली की कुठे चढायचे हे दाखवणारे कड्यांवरचे पांढऱ्या रंगाचे पट्टे नाहीसे होतात. त्याच वर्षीच्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'ने ठिकाणाची खूण दाखवण्याऐवजी फक्त वर्णन देणारा पर्याय दिला. ही सोय तुम्हीही द्या, ती स्वस्त आहे आणि खेळाडूंचा आदर करणारी आहे. पण ती सांधा जुळल्यानंतर द्या. आत्ता दिली तर तुमच्या दोन्ही तक्रारी सेटिंग्जच्या पानाआड दडतील आणि दोष तसाच राहील.

मित्रांकडून खेळवून घेताना "आवडले का" हे विचारणे बंद करा. त्यांचा उजवा अंगठा पाहा. फिरताना कॅमेऱ्याची स्टिक सतत हलत असेल तर तो शोधतो आहे. ती स्टिक सोडून नायिकेला फक्त पुढे ढकलत असेल तर त्याने जागेत रस घेणे सोडले आहे, आणि हे तो तोंडाने सांगेल त्याच्या कितीतरी आधी कळते. लढाई संपल्यावर लगेच गेम थांबवून त्याला कागदावर त्या जागेचा आराखडा काढायला सांगा. ज्याला दोन आडोसे आणि एक बाहेरची वाट तरी काढता आली, त्याच्या बाबतीत लढाई त्या जागेत झाली. ज्याला फक्त शत्रू आठवतात, त्याच्या बाबतीत ती कुठेही झाली असती.

आता बावडी. ती लढाई काढू नका, तिची जागा आणि वेळ बदला. सध्या नायिका पायऱ्या उतरून तळाशी जाते, पाण्याचा दरवाजा उघडण्याचे कोडे सुरू करते, आणि कोडे अर्धवट असतानाच सहा शत्रू तळाच्या अरुंद चौथऱ्यावर प्रकट होतात. डोके कोड्यात असलेल्या माणसाला तिथे लढावे लागते, कॅमेरा तिन्ही बाजूंच्या भिंतींत शिरतो, आणि उतरताना पाहिलेल्या सुंदर कमानींचा काही उपयोग होत नाही. त्याऐवजी कोडे शांतपणे पूर्ण होऊ द्या. पाणी चढू लागल्यावर, वरच्या काठावर मशाली दिसाव्यात आणि नायिकेला वर चढतच लढावे लागावे. उतरताना तिने प्रत्येक टप्प्यावरची कमान, एक निखळलेला दगड आणि मधल्या मजल्यावरचा कोनाडा पाहिलेला असेल. त्या तिन्ही गोष्टी आता कामी याव्यात: कमानीत लपता यावे, निखळलेला दगड गोफणीने पाडून पायरी अडवता यावी, कोनाड्यातून मागच्या बाजूने निघता यावे. चढते पाणी खालून घाई करत असल्याने सहा शत्रूंची गरज उरत नाही. तीन पुरेत, आणि त्यांतला एक वरून बाण मारणारा असावा, म्हणजे खेळाडूला प्रत्येक मजल्यावर मान वर करून पाहावे लागेल. उतरताना कॅमेरा थोडा खाली झुकलेला ठेवा आणि निखळलेल्या दगडावरून दोन-चार खडे घरंगळताना दाखवा. एवढी सूचना पुरे, त्यावर चमकणारी खूण लावू नका. हा बदल आधी करड्या ठोकळ्यांत करून, ज्यांनी बावडी अजून पाहिलेली नाही अशा मित्रांकडून खेळवून घ्या, आणि ती बिल्ड मला पुन्हा पाठवा.